बाटलीवरचे काका

गेल्या दिवाळीत नरकचतुर्दशीच्या पहाटे आमच्या घरात उटणे नव्हते. आणायचे विसरले, असे नव्हे. आणूच नका, असा भाचीचा मुंबईहून निरोप होता. "मामा, यंदाचं उटणं माझ्याकडून," असे ती टेलिफोनवर म्हणाली होती. तिने आणले ते उटणे नव्हतेच. जाड काचेची एक बसकी डबी होती. तिला लाकडाचे झाकण, आणि झाकणावर दिसेल न दिसेल अशी एका प्रसिद्ध नटीची सही. आत पन्नास ग्रॅम मलम. आमच्या सौभाग्यवतींनी डबी उलटी करून किंमत वाचली. दोन हजार सातशे रुपये. त्या काही बोलल्या नाहीत. पदराने डबी पुसून त्यांनी ती देव्हाऱ्याशेजारी ठेवून दिली, आणि शेजारणीकडून वाटीभर उटणे मागून आणले.

मी मात्र बोट बुडवून वास घेतला. आधी केशर आले, मग चंदन आले, आणि त्या दोघांच्या मागे, मोठ्या घरच्या लग्नात दाराआड उभ्या राहिलेल्या गरीब नातेवाइकासारखे, तिळाचे तेल आले. त्या वासासरशी मी छप्पन-सत्तावन्न वर्षे मागे गेलो आणि साताऱ्याकडच्या आमच्या गावी, काकांच्या घराच्या ओट्यावर, खळीने बरबटलेल्या हातांनी बाटल्यांना लेबले चिकटवीत बसलो.

पण काकांकडे जाण्याआधी भाचीचे ऐकले पाहिजे. ती त्या डबीवाल्या कंपनीच्या हिशेबखात्यात आहे. छायाचित्रात नटी असते; भाची असते ती त्या छायाचित्राच्या पाठीमागच्या आकड्यांत. फराळाचे ताट मांडीवर घेऊन ती म्हणाली, "मामा, पहिली डबी विकायला काहीच लागत नाही. बाईंनी मोबाईलवर एक फोटो टाकला की दुपारपर्यंत गोदाम रिकामं. दुसरी डबी विकायला मात्र आम्ही तीन वर्षं रडतोय."

हे वाक्य मला फार आवडले. दारावर वासुदेव आला की पहिल्या दिवशी सगळी आळी गोळा होते. दुसऱ्या दिवशी त्याला गळाच चालवावा लागतो, टोपीतली मोरपिसे चालत नाहीत. पहिली डबी कुतूहल विकत घेते. दुसरी डबी घेणारी बाई आरशासमोर उभी असते, आणि तेथे नटी नसते.

भाची गेल्यावर मी या धंद्याविषयी मिळेल ते वाचीत सुटलो. निवृत्त माणसाला एवढी मोकळीक असते. दीपिका पदुकोणने २०२२ च्या नोव्हेंबरात 'एटी टू ईस्ट' नावाची अशीच स्वतःची निगा राखण्याच्या वस्तूंची पेढी काढली. नाव मोठे कल्पक. आपली प्रमाणवेळ ज्या रेखावृत्तावरून ठरते त्यावरून घेतलेले. अश्वगंधेचे मलम, पाचोळीचे ऊन-रोधक, असा माल. आता या बाईला ओळखत नाही असा माणूस हिंदुस्थानात शोधावा लागेल. तरी २०२३-२४ सालात कंपनीचे उत्पन्न सुमारे २१ कोटी आणि तोटा सुमारे २३ कोटी. पुढल्या वर्षी जाहिरातीचा खर्च आवरला, तेव्हा तोटा १२ कोटींच्या घरात आला. पण त्याबरोबर उत्पन्नही १५ कोटींच्या आत उतरले. म्हणजे जिचा चेहरा हीच जाहिरात, तिच्या मालालाही जाहिरातीवाचून गिऱ्हाईक टिकेना. किमती जास्त होत्या, असे जाणकार म्हणतात. असतील. मला वाटते, त्याहून अडचणीची गोष्ट म्हणजे चाहता आणि गिऱ्हाईक ही दोन वेगळी माणसे आहेत, हे कागदावर दिसत नाही. चाहता शिट्टी वाजवतो, आणि शिट्टी फुकट असते.

अमेरिकेतली गोष्ट याहून बोधक वाटली. जेसिका आल्बा नावाच्या नटीने २०११ मध्ये एक कंपनी स्थापली. मुलांची लंगोटे, साबण, कपडे धुण्याचे द्रव, असा संसारी माल. सगळे निर्धोक, अंगाला न बाधणारे. नाव ठेवले 'ऑनेस्ट', म्हणजे प्रामाणिक. किराणा दुकानावर 'सचोटी स्टोअर्स' अशी पाटी पाहिली की माझा हात आपोआप खिशातल्या पाकिटाकडे जातो, ती खोड बाजूला ठेवू. कंपनी भराभर वाढली. २०१५ मध्ये तिच्या ऊन-रोधक मलमाने ऊन लागतेच आहे, अशा तक्रारी आल्या. २०१६ मध्ये एका मोठ्या वर्तमानपत्राने तिचे कपडे धुण्याचे द्रव तपासून घेतले, आणि जे फेसाचे रसायन आम्ही वापरत नाही असे बाटलीवर छापले होते, तेच त्यात निघाले, असे प्रसिद्ध केले. कंपनीने ते अमान्य केले. पण द्रवाची कृती पुढे बदलली आणि २०१७ मध्ये खटला सुमारे साडेपंधरा लाख डॉलर देऊन मिटवला. २०२१ च्या मे महिन्यात तिचा शेअर १६ डॉलरला बाजारात आला. दुसऱ्या वर्षी त्याच शेअरला चार डॉलर देणेही लोकांच्या जिवावर आले. कंपनी बुडाली नाही. २०२४ मध्ये बाई आपल्या पदावरून उतरल्या आणि नुसत्या संचालक मंडळावर राहिल्या.

यात गंमत अशी की ते रसायन बाजारातल्या शेकडो साबणांत असते, आणि त्याबद्दल कुणी त्यांना कोर्टात ओढीत नाही. साध्या दुकानदाराने वजनात मारले तर लोक त्याला शिव्या देतात आणि पुन्हा त्याच्याकडेच जातात. माळकऱ्याने मारले तर सारे गाव सांगत सुटते. आपल्याकडेही हे घडून गेले. बाबा रामदेवांच्या पतंजलीला फसव्या जाहिरातींबद्दल २०२४ च्या एप्रिलमध्ये वर्तमानपत्रांतून जाहीर माफी मागावी लागली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने विचारले की, तुमच्या जाहिराती जेवढ्या मोठ्या असतात तेवढीच ही माफीही मोठी आहे काय? दुसऱ्या दिवशी अधिक मोठी माफी छापून आली. माफीला मोजपट्टी लावणारा तो प्रश्न मला कुठल्याही व्यापारी ग्रंथापेक्षा शहाणा वाटला.

भाचीचे म्हणणे होते की हे सगळे नवे आहे, मोबाईलने आणलेले आहे. मी उठलो, दोरीवर वाळत घातलेले माझे बनियन काढून आणले आणि तिच्यासमोर धरले.

"हे काय?"

"सँडो."

"मग?"

बिनबाह्यांच्या बनियनला आपण सँडो म्हणतो. लहानपणी मला वाटे, सँडो ही इचलकरंजीकडची एखादी गिरणी असावी. पुढे आमच्या गावच्या तालमीत त्याचा फोटो पाहिला. कोनाड्यात शेंदूर लावलेले मारुतराय, खाली तेल, ताक आणि हळद घालून मळलेली तांबडी माती, आणि खिडकीशेजारी काचेच्या चौकटीत चित्त्याचे कातडे कमरेला गुंडाळलेला एक गोरा. काका तालमीचे वस्ताद होते. ते म्हणाले, "ह्यो सँडो. लई मोठा गडी. बनियन त्येच्या नावाचं हाय, पर अंगात कदी घातलं नसंल त्येनं."

काका म्हणाले त्यात फार चूक नव्हती. युजेन सँडो, जन्म १८६७, प्रशियातल्या क्योनिग्सबर्गचा. १८८९ मध्ये लंडनच्या रंगमंचावर आव्हान देणाऱ्या एका शक्तिवीराला त्याने हरवले आणि एका रात्रीत नाव काढले. पुढे अमेरिकेत दंडाचे आणि पाठीचे स्नायू नाचवून दाखवले. एडिसनच्या चित्रशाळेत १८९४ मध्ये त्याचे चलच्चित्र निघाले. नुसता ताकद दाखवणारा गडी म्हणून राहिला असता तर चाळिशीनंतर उपाशी मेला असता. पण याला धंदा कळत होता. त्याने १८९७ मध्ये लंडनला व्यायामशाळा काढली, मासिक काढले, टपालाने व्यायामाचे पाठ विकले, मुठीत दाबायचे स्प्रिंगचे डंबेल विकले. १९०१ मध्ये लंडनच्या आल्बर्ट हॉलमध्ये त्याने शरीरसौष्ठवाची स्पर्धा भरवली. परीक्षकांत शेरलॉक होम्सचा जनक कॉनन डॉईल होता, आणि बक्षीस काय, तर सँडोचीच सोन्याची मूर्ती! १९०५ मध्ये तो हिंदुस्थानातही येऊन खेळ करून गेला.

मग याचे दुखणे काय होते? जे माझ्या भाचीचे, तेच. डंबेल एकदा घेतले की जन्माला पुरते. त्याला दुसरी डबी नाही. म्हणून या बलभीमाने काय काढावे? कोको! 'सँडोचा आरोग्य आणि शक्ती देणारा कोको.' कोको महिन्याला संपतो, महिन्याला नवा घ्यावा लागतो. हिशेब बिनचूक होता. परंतु व्यायामाच्या प्रांतात सँडोला तोड नव्हती, आणि कोकोच्या प्रांतात कॅडबरी आणि राउनट्री पिढ्यान्‌पिढ्या ठाण मांडून बसलेले. त्यात पहिले महायुद्ध आले, आणि जर्मनीत जन्मलेल्या माणसाचे नाव डब्यावर असणे हेच ओझे झाले. १९१६ मध्ये कोकोची कंपनी मोडली. सँडो १९२५ मध्ये अठ्ठावन्नाव्या वर्षी वारला. बायकोने थडग्यावर नावाचा दगडसुद्धा बसवू दिला नाही. थडग्यावरचे ते नाव आता माझ्या दोरीवर वाळते. त्याच्या वारसांना त्याची दिडकी मिळत नाही.

या सँडोचे एक शिष्य आमच्या गावापासून फार लांब नव्हते. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सँडोची सगळी साधने आणि पुस्तक मागवून जवळजवळ दहा वर्षे निष्ठेने मेहनत केली, आणि मग ते सगळे सोडून सूर्यनमस्कारांकडे वळले. पुढे त्यांनी नमस्कारांवर पुस्तके लिहिली, संस्थानच्या शाळांतून नमस्कार सुरू केले. पण नमस्काराला लागते काय? साडेतीन हात जमीन आणि पहाटे उठण्याची इच्छा. यातले काहीच बाटलीत भरून विकता येत नाही. त्यामुळे राजेसाहेबांच्या वाट्याला दुसऱ्या डबीची विवंचना कधी आली नाही.

आमच्या काकांच्या वाट्याला मात्र ती आली.

काका म्हणजे माझे धाकटे चुलते. तरुणपणी आसपासच्या यात्रांतून त्यांनी कुस्त्या मारल्या होत्या. घरात फेट्यांचे एक गाठोडे आणि एक चांदीचे कडे होते. चाळिशीच्या सुमारास लंगोट खुंटीला लावला आणि ते वस्ताद झाले. तीस-चाळीस पोरे तालमीत येत. त्याशिवाय हात मुरगळलेले, खांदा निखळलेले, उसण भरलेले असे लोक पहाटेपासून ओट्यावर येऊन बसत. काका खांदा बसवीत, काकीने काढलेल्या तेलाने चोळून देत. घाण्याचे तिळाचे तेल, त्यात निर्गुडीचा पाला, लसूण, ओवा आणि वरून कापूर. पैसे घेत नसत. कुणी नारळ ठेवला तर ठेवला.

१९६७ च्या ११ डिसेंबरला पहाटे कोयनेचा भूकंप झाला, आणि काकांच्या घराची मागची भिंत बसली. दोन मुली लग्नाच्या. तेव्हा मुंबईत गिरणीत असलेल्या कुणा पाहुण्याने सुचवले की, वस्ताद, हे तेल बाटलीत भरा आणि वर तुमचा फोटो लावा; मुंबईत असल्या बाटल्यांवर माड्या उठल्यात. काका हसले. काकी हसल्या नाहीत. त्यांना भिंत रोज दिसत होती.

फोटो साताऱ्याहून काढून आणायचा ठरले. मग घरात जुना एक निघाला, काका बत्तीस वर्षांचे असतानाचा: खांद्यावर गदा, छाती अशी की गदाच लहान वाटावी. प्रत्यक्षातले काका तेव्हा पंचेचाळिशीचे होते. पोट थोडे सुटले होते, केस पुढून गेले होते. फोटोतलेही काकाच, त्यामुळे यात खोटे काही आहे, असे कुणाला वाटले नाही. छापखानेवाला पाच हजारांखाली लेबले छापीना, म्हणून पाच हजार छापली. फोटोखाली ठळक अक्षरांत: 'संधिवात, गुडघेदुखी, मुरगळणे, लचकणे यांवर गुणकारी.' किंमत सव्वा रुपया.

भंगारवाल्याकडून रिकाम्या बाटल्या यायच्या. त्या राखेने आणि रिठ्याने धुवायच्या, उन्हात पालथ्या घालायच्या, मग तेल भरायचे, बूच मारायचे. कणकेची खळ शिजवून लेबल लावण्याचे काम माझ्याकडे होते. काका तिरके लागले तर मला बोलणी बसत.

पहिले वर्ष काय गेले म्हणून सांगू! म्हसवडच्या यात्रेत काका टेबलावर उभे राहिले, अंगरखा काढला, दंड थोपटले, आणि तासाभरात पेटारा रिकामा झाला. लोक तेल घेत आणि काकांच्या दंडाला हात लावून जात. तेलही चांगले होते. लोक बाटली परत आणून भरून मागत. भाचीला जी दुसरी डबी साधत नाही, ती आमच्या काकांना साधली होती, असे मी अभिमानाने सांगतो.

पण एक झाले. कऱ्हाडचे दुकानदार माल मागू लागले. काकांनी तालमीतली दोन पोरे पाठवली. पोरे धष्टपुष्ट होती, बोलायलाही चलाख होती. पण लोक बाटलीकडे पाहत, पोरांकडे पाहत आणि विचारीत, "वस्ताद कुठं हाईत?" वस्ताद दिसल्याशिवाय कुणी पैसे काढीना. मग सोमवारी या बाजारी, गुरुवारी त्या बाजारी, काकांना स्वतः उभे राहावे लागले. चुलीवर तेल कढताना तेच हवेत, तालमीत तेच हवेत, बाजारात तेच हवेत. तालीम मागे पडली. मातीत ताक वेळेवर पडेना. आणि काकांना सदा सर्वकाळ फोटोसारखे दिसावे लागू लागले. बाजारात दमून खाली टेकायची चोरी, भर थंडीत घोंगडी पांघरायची चोरी. एकदा त्यांना पडसे झाले होते, तर काकींनी त्यांना दोन दिवस माजघरातून बाहेर येऊ दिले नाही.

नेमका गुडघा गेला. उजवा. जुन्या कुस्तीतली इजा होती, ती पन्नाशीच्या तोंडाशी वर आली. आधी काका दुकानात पाटावर बसायचे ते उंच खुर्चीवर बसू लागले. मग चालायचे टाळून सायकल घेतली. सायकलवरच्या माणसाचे लंगडणे दिसत नाही. रात्री दार लावून काकी तेच तेल त्या गुडघ्याला तास तास चोळीत. मी पाहिले आहे. काकांचा त्या तेलावर पुरा विश्वास होता.

१९७१ च्या पावसाळ्यात ते मिरजेला दवाखान्यात गेले. गावात सांगितले की कोल्हापूरला कुस्त्यांच्या कामाला चाललो आहे. एसटीतून उतरताना खांदा लागे, म्हणून मला बरोबर घेतले. डॉक्टरांनी सुईने गुडघ्यातले पाणी काढले आणि बैठका बंद करायला सांगितले. परतताना काकांनी स्टँडवर मला भडंगाचा पुडा घेऊन दिला, आणि एसटी सुटल्यावर, खिडकीबाहेर पाहत, हळूच म्हणाले, "कुणाला सांगू नगंस. आईलाबी न्हाई."

चार महिने मी ते पोटात ठेवले. पुन्हा एकदा मिरजेची खेप झाली, तीही ठेवली. चौदा वर्षांच्या पोराला हे सोपे नसते.

दिवाळी आली. अभ्यंगाचे दिवस, म्हणून तेलाचा खरा हंगाम. धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी चार डझन बाटल्यांचे खोके घेऊन मी पेठेतल्या वाण्याकडे गेलो. दुकानात गर्दी होती. वाणी थट्टेखोर. मला पाहताच गिऱ्हाइकांना ऐकू जाईल असे म्हणाला, "वस्ताद आता शेट झाले बाबा! आमच्या दुकानापतुर यायचं तर पाय दुखत्यात त्यांचं."

लोक हसले. मला ते सहन झाले नाही. काका चढेल झाले असे कुणी म्हणावे? मी तावातावाने म्हणालो, "दुखतोयच त्यांचा पाय! मिरजेला दोनदा सुईनं पाणी काढलंय गुडघ्यातलं."

तागडीत साखर तशीच राहिली. कुणी हसले नाही. वाण्याने खोक्यातली एक बाटली उचलली, लेबलावर बोट ठेवून 'गुडघेदुखी' हा शब्द सावकाश वाचला, आणि बाटली खाली ठेवली. माणूस वाईट नव्हता. त्याने एक डझन ठेवून घेतल्या आणि बाकीचे खोके माझ्याकडे सरकवीत म्हणाला, "ह्ये ऱ्हाऊ दे. दिवाळीनंतर बघू."

तीन डझन बाटल्या घेऊन मी घरी आलो. वाटेत त्या एकमेकींवर आपटत होत्या. काका ओट्यावर बसले होते.

"का रं? परत आनल्यास?"

"म्हनला, दिवाळीनंतर बघू."

काका माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांनी विचारले, "खोटं बोललास काय कुणाजवळ?"

"न्हाई."

"मग झालं तर," म्हणाले, आणि उठले. त्या दिवशी ते सर्वांच्या देखत, लंगडत, आत गेले.

पुढल्या वर्षी दुष्काळ पडला. तिळाचे तेल परवडेना. पाहुण्याने शेंगदाण्याचे तेल मिसळायला सुचवले, ते काकांनी ऐकले नाही. पण खरे सांगायचे तर दुष्काळाला दोष देण्यात अर्थ नाही. दिवाळीनंतर दुकानांतून बाटल्या परत यायला लागल्याच होत्या. दोन-अडीच हजार लेबले उरली. कागद चांगला होता. काकींनी ती दाभणाने शिवून माझ्या कच्च्या वह्या केल्या. माझे नववी-दहावीचे बीजगणित सगळे काकांच्या पाठीवर सोडवलेले आहे.

काका पुढे १९८९ पर्यंत जगले. हातात काठी आली. तेल काढीतच होते. लहान पातेलीत, गावापुरते. पहाटे ओट्यावर लोक पूर्वीसारखे येऊन बसत. खांदा निखळलेला माणूस काकांची काठी बाजूला ठेवून त्यांच्यापुढे बसे, आणि त्यांच्या गुडघ्याचे काय, हे कुणी विचारीत नसे. कुणी नारळ ठेवी. मी त्यांची माफी कधी मागितली नाही. मागायला हवी होती की नाही, हे मला आजही कळलेले नाही. मी खरेच बोललो होतो. मात्र त्या वाण्याच्या दुकानात मी पुन्हा पाऊल टाकले नाही, आणि ते दुकान आता मोबाईलचे झाले आहे, हे परवा ऐकून बरे वाटले.

हे सगळे मी भाचीला सांगितले. तिने हातातली चकली खाली ठेवली होती. "मामा, तेलाचा गुण येत होता का?" तिने विचारले. हिशेबखात्यातला माणूस नेमके विचारतो.

"मुरगळल्यावर यायचा. गुडघ्याला नाही."

"मग लेबलावर मुरगळणं एवढंच छापायचं होतं."

"एवढ्यासाठी पाच हजार लेबलं कोण छापील?"

ती हसली. मी कपाटातून बीजगणिताची एक वही काढून दिली. तिने समीकरणांकडे पाहिले नाही; पान उलटून ती खांद्यावर गदा घेतलेल्या काकांकडे पाहत राहिली. कागद पिवळा पडला आहे, पण शाई अजून टवटवीत आहे.

"किती वर्षांचे होते हे तेव्हा?"

"फोटोत बत्तीस. ओट्यावर पंचेचाळीस."

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "आमच्या डबीच्या खोक्यावरचा फोटोही जुनाच आहे. बाई आता तशा दिसत नाहीत. बदलायचा का, यावर मागच्या आठवड्यात दोन तास बैठक झाली."

"मग काय ठरलं?"

तिने वही मिटली आणि माझ्या हातात दिली.

"दिवाळीनंतर बघू म्हणाले."